रस्ता आणि प्रार्थनामंदिर

गोव्यात रविवारी मिस्सा आटोपल्यावर एखाद्या चर्चच्या फाटकाशी उभे राहून पाहावे. आत गुडघे टेकून बसलेली माणसे बाहेर येतात, एकाच स्कूटरवर बाप, आई आणि मधोमध मूल बसते, आणि हेल्मेट बहुधा हँडलला लटकत असते. आत ऐकलेला उपदेश फाटकापाशीच संपतो की काय, असा प्रश्न पडतो.

हाच प्रश्न रोमच्या धर्मपीठाला पडला होता. स्थलांतरित व प्रवासी यांची काळजी वाहणाऱ्या तेथील परिषदेने जून 2007 मध्ये रस्त्यावरील धर्मसेवेविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, आणि तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. पहिली आज्ञा जुनीच आहे: हत्या करू नको. पाचवी सांगते की मोटार सत्ता गाजविण्याचे साधन नव्हे; नववी रस्त्यावरील दुर्बळाचे रक्षण करावयास सांगते. वर्तमानपत्रांनी या आज्ञांची थोडी थट्टा केली. पण सहावी आज्ञा पाहा: जो वाहन चालविण्याच्या स्थितीत नाही, त्याला प्रेमाने परावृत्त करा. लग्नाच्या मेजवानीनंतर डोलत गाडीकडे निघालेल्या पाहुण्याची किल्ली कोण मागणार? पोलीस तेथे नसतो. यजमानाला भीड पडते. ज्या धर्मगुरूने सकाळी लग्न लावले, त्याने आठवडाभर आधीच वऱ्हाडाला दोन शब्द सांगितले, तर त्या यजमानाची भीड मोडते.

मंडळीचे बळ हेच की तीच माणसे दर आठवड्याला भेटतात. दंडाची पावती फाडून माणूस निघून जातो. शेजाऱ्याची नजर पुढच्या रविवारीही तेथेच असते. आणि सांगावयाचे तरी किती थोडे! दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक संशोधनांच्या एकत्रित पाहणीत आढळले आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे गेलेले असते. ब्रेकवर पाय पडण्याच्या आत एवढे अंतर संपते.

यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची आणि दयाळू शोमरोन्याची कथा ख्रिस्ती मुलाला पाठ असते. तरीही अपघातस्थळी आपण थबकतो, कारण पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही धास्ती. ती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि पुढे 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम 134 अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले. आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. हे कलम किती प्रवचनांतून ऐकू येते? 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली.

नोव्हेंबरातील तिसरा रविवार जगभर रस्ते-अपघातांत बळी पडलेल्यांच्या स्मरणाचा दिवस असतो. 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यास मान्यता दिली. योगायोग असा की ख्रिस्ती परंपरेत नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचाच महिना. त्या रविवारी वेदीपुढे गावातील गेलेल्यांची नावे वाचावीत, मेणबत्त्या लावाव्यात, आणि मग सर्वांनी मिळून चर्चसमोरच्या त्याच वळणावर जाऊन पाहावे: झाडाची फांदी आड येते का, दिवा लागतो का, शाळेतील मुले रस्ता कोठून ओलांडतात. पंचायतीकडे अर्ज त्याच दिवशी लिहिता येईल.