चिंक्वे तेर्रेची वाइन : दगडाची चव की हातांची?

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर मोंतेरोस्सो, वेर्नाझा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावं कड्यांना बिलगून वसली आहेत. हेच चिंक्वे तेर्रे. इथल्या पांढऱ्या वाइनबद्दल ऐकायला मिळणाऱ्या कौतुकात तथ्य आहे, तशा दंतकथाही आहेत.

गैरसमज : खडकाची चव मुळांवाटे थेट वाइनमध्ये उतरते.

मुळं पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्यं घेतात, दगडाची चव नव्हे. जमिनीचा परिणाम होतो, पण आडवाटेने. उतारावरची ही उथळ, हलकी माती पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे वेल पाल्यावर माजत नाही आणि पीकही बेताचंच येतं. खाऱ्या वाऱ्याचं कौतुकही जरा जपूनच करावं. जोराचा वारा पानं करपवतो, म्हणून तर मांडव इतके बुटके, की पूर्वी काढणीला माणसं त्यांखाली सरपटत जात.

गैरसमज : ऊन आणि समुद्र आहे, बाकी सगळं निसर्गच करतो.

डोंगर उत्तरेचे गार वारे अडवतात, समुद्र हिवाळा सौम्य ठेवतो. निसर्गाचं देणं इथंच संपतं. सपाट जमीन मुळात नव्हतीच. शेकडो वर्षं खपून लोकांनी कडे पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढले. गडगे रचले ते चुन्याशिवाय, म्हणजे पावसाचं पाणी फटींतून झिरपून जातं. पण गडगा दरवर्षी डागडुजी मागतो. तरुण पिढी शहरांकडे गेली, बरेच मळे पडीक झाले आणि तिथले गडगे ढासळू लागले. १९९७ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला खरा, पण दर्जा दगड उचलायला येत नाही. काढणीचे क्रेट वाहायला काही ठिकाणी एकरुळी छोटी गाडी आहे, बाकी भार खांद्यावर.

गैरसमज : इथली 'शाक्केत्रा' ही वाइन गोड लागते, म्हणजे साखर घातलेली.

साखर द्राक्षाचीच. बॉस्को (किमान ४० टक्के), अल्बारोला आणि वेर्मेंतिनो या जातींचे निवडक घड हवेशीर सावलीत सुकवतात. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये द्राक्षातलं पाणी उडून गोडी दाटते, तसंच इथं. फक्त बेदाणा होण्याआधीच थांबतात. नियमानुसार १ नोव्हेंबरपूर्वी ही द्राक्षं चिरडता येत नाहीत. सुकल्यामुळे रस फार थोडा निघतो. तेव्हा शाक्केत्रा स्वस्तात मिळत असेल, तर बाटलीकडे संशयानेच बघा.