दूरच्या संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

मुले नोकरीनिमित्त बंगळुरूला वा परदेशी आणि आई-वडील पुण्यात, हे चित्र आता घरोघरी दिसते. घरचा संगणक अडला, की ‘कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करा’ असे फोनवर समजावण्यात अर्धा तास जातो. ‘रिमोट डेस्कटॉप’ सॉफ्टवेअर हा त्रास वाचवते. एका संगणकाचा पडदा इंटरनेटवरून दुसऱ्या संगणकावर दिसतो आणि माऊस-कीबोर्डच्या आज्ञा उलट दिशेने जातात. मात्र हे सॉफ्टवेअर म्हणजे घराची किल्लीच असल्याने निवड विचारपूर्वक हवी.

पहिला प्रश्न गरजेचा. मदत अधूनमधून करायची असेल, तर दर वेळी नवा संकेतांक मागणारी सोय उत्तम. विंडोज १० व ११ साठी मायक्रोसॉफ्टचे ‘क्विक असिस्ट’ मोफत आहे. मदत करणाऱ्याकडे मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. घेणाऱ्याला ते लागत नाही. संकेतांक अल्पकाळच चालतो आणि समोरच्याने परवानगी दिल्याखेरीज नियंत्रण मिळत नाही.

स्वतःचाच संगणक बाहेरून केव्हाही वापरायचा असेल, तर कायमची जोडणी लागते. ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’ मोफत असून विंडोज, मॅक व लिनक्सवर चालते. त्यासाठी गूगल खाते आणि किमान सहा अंकी पिन आवश्यक असतो. ‘टीमव्ह्यूअर’ वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे, व्यावसायिक कामासाठी परवाना घ्यावा लागतो. ‘रस्टडेस्क’ मुक्तस्रोत असून जाणकारांना स्वतःचा सर्व्हरही उभारता येतो. यांपैकी काहीही निवडले, तरी घरचा संगणक झोपी गेला, तर जोडणी होत नाही. त्याची वीजबचतीची मांडणी आधीच तपासावी.

विंडोजमधील मूळ ‘रिमोट डेस्कटॉप’ची एक मर्यादा अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘होम’ आवृत्तीतून दुसऱ्या संगणकाशी जोडता येते. परंतु तिच्यावर बाहेरून जोडणी घेता येत नाही. त्यासाठी ‘प्रो’ आवृत्ती हवी. ती असली, तरी राउटरवरील ३३८९ क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटला उघडू नये. व्हीपीएनमधूनच जोडणी करावी. मे २०१९ मध्ये उघड झालेला ‘ब्लूकीप’ हा दोष याच सेवेतील होता.

खरा धोका मात्र अनेकदा तंत्रात नसून फोनवरील गोड बोलण्यात असतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’ अ‍ॅपचा गैरवापर करून होणाऱ्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले होते. बँकेचा कर्मचारी असल्याचे भासवून कोणी असे अ‍ॅप उतरवण्यास सांगितले, तर फोन ठेवून द्यावा. संकेतांक केवळ ओळखीच्या माणसाला, तोही आपण स्वतः फोन लावून सांगावा. काम संपताच जोडणी तोडावी, खात्याला दुहेरी पडताळणी लावावी आणि जोडणी सुरू असताना बँकेचे संकेतस्थळ उघडू नये. फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.