जयपूरची घरे : शासन आणि खाजगी भांडवल

जयपूर म्हटले की गुलाबी भिंती, हवामहल आणि सरळ, रुंद रस्ते डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांपैकी गुलाबी रंग हा त्या नगरीचा पुष्कळ उशिराचा साज आहे. 1876 साली प्रिन्स ऑफ वेल्सची स्वारी तेथे आली, त्या निमित्ताने तो चढला. शहराचे खरे वैशिष्ट्य त्याच्या आखणीत आहे, आणि त्या आखणीच्या मुळाशी राजा आणि व्यापारी यांनी परस्परांशी केलेला एक व्यवहार आहे. शहरात गरिबांसाठी घरे कोणी व कशी बांधावीत, हा प्रश्न आज देशातील प्रत्येक मोठ्या नगरापुढे उभा असताना तो जुना व्यवहार समजून घेणे अगत्याचे ठरते.

पहिल्या बाजीरावाचा समकालीन असलेल्या सवाई जयसिंगाने 18 नोव्हेंबर 1727 रोजी या नगरीचा पाया घातला. डोंगरातील आमेर ही राजधानी अपुरी पडू लागली होती. नव्या नगरीसाठी त्याने सपाट मैदान निवडले आणि विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाच्या साहाय्याने तेथे चौकड्यांची आखणी केली. चौकडी म्हणजे रस्त्यांनी वेढलेला शहराचा एक मोठा चौकोनी विभाग. मुख्य रस्ते शंभर फुटांहून अधिक रुंद ठेवले आणि ते जेथे एकमेकांना छेदतात तेथे चौपड नावाचे प्रशस्त चौक सोडले. पण नुसत्या रेघा ओढून नगर वसत नाही. त्याला माणसे लागतात, आणि माणसांना भांडवल लागते. म्हणून दूरदूरचे सावकार, जवाहिरे आणि कारागीर यांना बोलावून जागा व सवलती देण्यात आल्या. रस्ता, चौक आणि दर्शनी भागाची शिस्त राज्याने सांभाळावयाची. आतील हवेली धनिकाने आपल्या खर्चाने व आपल्या आवडीप्रमाणे बांधावयाची, अशी ही वाटणी होती. हवेलीच्या आत राज्य डोकावले नाही, आणि रस्त्याची रेघ धनिकाला ओलांडता आली नाही.

या वाटणीचा एक लाभ कारागिरालाही मिळाला. जोहरी बाजाराच्या मागील गल्ल्यांत रत्नांना पैलू पाडणारे, मणिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या घडविणारे, ठठेऱ्यांच्या रस्त्यावर पितळ ठोकणारे वसले. घर आणि उद्योग यांच्यामध्ये एका जिन्याचे किंवा एका गल्लीचेच अंतर राहिले. गरिबाच्या घराची किंमत केवळ चुना-विटांत मोजता येत नाही. कामापासूनच्या अंतरातही ती मोजावी लागते, हे त्या गल्ल्या आजही सांगतात.

स्वातंत्र्यानंतर शहर तटाबाहेर झपाट्याने पसरले. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या तीस लाखांवर गेली होती. 1970 साली राजस्थान गृहनिर्माण मंडळ आणि 1982 साली जयपूर विकास प्राधिकरण स्थापन झाले. मंडळाने मानसरोवरसारख्या विस्तीर्ण वसाहती उभारल्या. तथापि, वाढत्या गरजेला केवळ सरकारी तिजोरी पुरी पडेना. आणि खाजगी बांधकाम व्यावसायिक लहान घराच्या वाटेस जाईना, कारण त्यात नफा नाही. कच्च्या वस्त्या मात्र वाढत राहिल्या.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी राजस्थान शासनाने 2009 साली परवडणाऱ्या घरांचे धोरण जाहीर केले. त्यातील एका प्रकाराची रचना अशी होती : व्यावसायिकाने जमीन स्वतःची आणावयाची, तिच्यापैकी किमान 40 टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी द्यावयाचा, ही घरे ठरलेल्या दरानेच विकावयाची आणि ती कोणास मिळावीत हे शासकीय यंत्रणेने ठरवावयाचे. दुर्बल गटासाठी 325 चौरस फुटांचे घर सुमारे 2 लाख 40 हजार रुपयांस, तर अल्प उत्पन्न गटासाठी 500 चौरस फुटांचे घर 3 लाख 75 हजार रुपयांस, असे आरंभीचे गणित होते. एवढ्या अल्प किमतीत नफा कोठून यावयाचा? त्यासाठी शासनाने निरनिराळी शुल्के माफ केली आणि चटईक्षेत्र वाढवून दिले.

चटईक्षेत्र हा शब्द थोडा उलगडून पाहणे आवश्यक आहे. हजार चौरस फूट जमिनीवर सर्व मजले मिळून किती बांधकाम करता येईल, याचा नियम असतो. ही मर्यादा दुप्पट केली, तर जमीन न वाढताही विकावयाची जागा दुप्पट होते. तिजोरीतून रुपयाही न काढता शासन जणू नवी जमीनच निर्माण करते. मात्र ही देणगी फुकटची नव्हे. वाढलेल्या मजल्यांवर राहणाऱ्या माणसांना पाणी लागते, त्यांच्या सांडपाण्याची सोय करावी लागते, रस्ते रुंद करावे लागतात, शाळा उघडाव्या लागतात. आणि हा सारा भार अखेर नगरावरच पडतो. म्हणजेच जनतेने आपला वाटा आगाऊ भरलेला असतो. म्हणूनच घरे कोठे व कशी बांधली जावीत, याविषयी अटी घालण्याचा तिला पूर्ण अधिकार पोचतो.

यांपैकी ‘कोठे’ हा प्रश्नच सर्वांत अवघड ठरला. घराची किंमत बांधलेली असली म्हणजे व्यावसायिक स्वाभाविकच स्वस्त जमीन शोधतो, आणि स्वस्त जमीन शहराच्या कडेला असते. तेथील घर कागदोपत्री परवडते. परंतु रामगंजमध्ये रत्ने घासणाऱ्यास किंवा चांदपोलला ओझी वाहणाऱ्यास रोजच्या प्रवासाचा खर्च व वेळ परवडेलच असे नाही. लाखेची भट्टी तिसऱ्या मजल्यावरील लहानशा खोलीत पेटविता येत नाही. शिवाय पगाराची पावती नसलेल्या माणसास कर्ज मिळविणेही दुर्घट जाते. 2015 साली राज्याची मुख्यमंत्री जन आवास योजना आणि केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली; केंद्राच्या योजनेत भागीदारीतील प्रत्येक दुर्बल-गट घरामागे दीड लाखाचे साहाय्य ठेवण्यात आले. त्यामुळे पैशाची अडचण सौम्य झाली, अंतराची नाही. अंतर कमी करते ती वाहतूक. मानसरोवर ते चांदपोल ही मेट्रो 2015 साली धावू लागली आणि 2020 साली बडी चौपडपर्यंत पोचली. पण तोवर मानसरोवरमध्ये कित्येक वर्षे माणसे राहत आली होती. घरे आधी आणि वाहन मागाहून, हा क्रम गरिबास फार महाग पडतो.

मुंबईचा अनुभव नेमका उलट बाजूचा आहे. 1995 मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेत रहिवाशास मूळ जागीच विनामूल्य घर मिळते आणि विकासक उरलेली घरे बाजारभावाने विकून खर्च भरून काढतो. येथे रोजगार तुटत नाही. पण व्यवहार महागड्या जमिनीच्या भावावर उभा असल्याने इमारती उंच व दाटीवाटीच्या होतात आणि उद्वाहन, पाणी व देखभाल यांचा बोजा रहिवाशांच्या माथी येतो. एका नगरीत जागा दूर गेली, दुसरीत उजेड आणि हवा आटली.

जयपूरच्या जुन्या शहरात या दोहोंहून निराळी वाट उपलब्ध आहे. 2000 साली ‘ऑपरेशन पिंक’ या मोहिमेत बाजारांतील ओवऱ्यांवरची अतिक्रमणे हटवून त्या पादचाऱ्यांना मोकळ्या करण्यात आल्या. 2019 साली हे नगर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. ओवऱ्यांच्या मागे असलेल्या हवेल्यांत मात्र वाटण्या झाल्या आहेत, जुनी भाडी तुटपुंजी आहेत, आणि डागडुजी कोणी करावी याचा निर्णय होत नाही. मग हवेलीचे गोदाम होते आणि भाडेकरू कडेच्या वस्तीत जातो. अहमदाबादेत जुन्या वास्तूच्या मालकास न वापरलेले बांधकामाचे हक्क अन्यत्र विकण्याची मुभा देण्यात आली आहे. असा पैसा दुरुस्तीस लावून, त्या बदल्यात काही खोल्या बांधलेल्या भाड्याने कारागिरांसाठीच ठेवण्याची अट घातली, तर जुनी वास्तूही टिकेल आणि तिच्यातील माणूसही.

भागीदारी हा शब्द ऐकावयास गोड आहे. तथापि ती न्याय्य आहे की नाही, हे तिच्या अटींवरून ठरते. जयसिंगाच्या नगरीत धनिकाला हवेलीचे स्वातंत्र्य होते, रस्त्याची रेघ मात्र राज्याच्या हाती होती. आज ती रेघ म्हणजे गरिबाच्या घराचे कामापासूनचे अंतर होय. व्यावसायिकाने नफा जरूर मिळवावा. ही रेघ आखण्याचे काम मात्र शासनाने त्याच्यावर सोपवू नये.