आईच्या दुधात पावडर कशासाठी?

सातव्या-आठव्या महिन्यातच बाळंतपण होते, बाळाला काचेच्या पेटीत ठेवतात आणि काही दिवसांनी सिस्टर सांगतात, "आईच्या दुधात पावडर घालावी लागेल." हे ऐकून घरची माणसे हबकतात. आमच्या श्रीपूरसारख्या कारखान्याच्या गावात पोट वाढलेले असतानाही बाया उसाच्या मोळ्या वाहतात, त्यामुळे हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. सासू म्हणते, सुनेचे दूधच पातळ. नवरा धावत जाऊन दुकानातून दुधाचा डबा आणतो. घोटाळा होतो तो इथेच.

दूध पातळ नसते. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हाडांत कॅल्शियम आणि फॉस्फरस साठत असते. लवकर जन्मलेल्याचा हा साठा अपुरा राहतो. शिवाय सव्वा किलोच्या बाळाचे पोट ते केवढे! दिवसभरात पाव लिटर दूधही त्याला झेपत नाही. तेवढ्याशा दुधातूनच प्रथिने व क्षार पुरेसे मिळावेत म्हणून आईच्या काढलेल्या दुधात ही पावडर मोजून मिसळतात. म्हणजे ते औषधच समजा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये ती सरसकट द्या असे म्हटलेले नाही. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांसाठी विचार करावा, एवढेच म्हटले आहे.

दुकानातला डबा आईच्या दुधाऐवजी द्यायचा असतो. अशा कोवळ्या बाळांत त्याने आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका वाढतो.

आईला दूधच येत नसेल तर? धारावीजवळच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढीत दुसऱ्या मातांनी दिलेले दूध तापवून, जंतू मारून बाळांना देतात. या दुधात प्रथिने कमी असतात, म्हणून त्यातही ही पावडर लागू शकते.

पावडर बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडली, तर कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे औषधपाणी मोफत आहे. विचारायला लाजू नये, तो हक्क आहे.

बाळंतिणीने रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी, हात धुऊन दूध काढावे. तोवर चूल सासूबाईंनी सांभाळावी. आणि घरी सोडताना पावडर चालू ठेवायची की बंद, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.