मेली तरी डसते

पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूवर निळसर पारदर्शक फुगे येऊन पडले की कुणीतरी ओरडतेच, ‘जेलीफिश आल्या, चावतील!’ यात दोन चुका. तो फुगा म्हणजे ब्लू बॉटल. ती जेलीफिशच्या भाऊबंदांतली खरी, पण एक प्राणी नव्हे, अनेक जीवांची मिळून झालेली वसाहत. आणि दोघींपैकी चावत कुणीच नाही.

डंख मारतात त्या शुंडकांवरच्या दंशपेशी. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी आणि कुपीत वेटोळे घालून बसलेली पोकळ नळी, कुडत्याच्या उलट्या बाहीसारखी आत खोचलेली. पेशीच्या केसासारख्या टोकाला स्पर्श झाला, भक्ष्याच्या रसायनांची चाहूल लागली की कुपीचे झाकण उघडते. नळी सुलट होत त्वचेत घुसते आणि विष सोडते. याच कुळातल्या हायड्राच्या कुपीत सुमारे १५० वातावरणांइतका दाब असतो. जर्मन संशोधकांनी २००६ साली तिच्यावर अतिवेगवान कॅमेरा लावला, तेव्हा नळीचा पहिला तडाखा अवघ्या ७०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात, उरकलेला दिसला. एकदा उडालेली कुपी मात्र पुन्हा कामाची नाही.

‘मेलेली काय करणार?’ हा समज सर्वांत महागात पडतो. जेलीफिशला मेंदूच नसतो. दंशपेशी कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाही. वाळूत पडलेल्या, तुटलेल्या तंतूतही भरलेल्या कुपी असतात. ‘ब्लू ड्रॅगन’ नावाची समुद्री गोगलगाय तर ब्लू बॉटल खाऊन तिच्या न उडालेल्या कुपी स्वतःच्या अंगात साठवते आणि वापरतेही. मालक बदलला तरी हत्यार चालते!

म्हणूनच पुष्कळसे घरगुती उपाय अंगाशी येतात. वाळूने चोळले, टॉवेलने खसाखसा पुसले की उरलेल्या कुपीही उडतात. तंतू चिकटलेले असताना गार गोडे पाणी ओतले तरी तोच धोका. लघवीने डंख उतरतो याला काही आधार नाही. व्हिनेगर ऑस्ट्रेलियातल्या बॉक्स जेलीफिशवर वापरतात. ब्लू बॉटलबाबत तज्ज्ञांचेच एकमत नाही.

तंतू चिमट्याने अलगद काढा, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. मग सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंश सेल्सिअस गरम पाण्यात तो भाग २० मिनिटे ठेवा. श्वास लागला किंवा छातीत दुखू लागले, तर मात्र उपाय करत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.