काविळीतील पथ्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दूषित पाण्यावाटे आणि अन्नावाटे शरीरात शिरून यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूंचा उपद्रव भारताला नवा नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी मिसळल्यामुळे सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती, आणि ती साथ ‘ई’ विषाणूची होती हे पुढे अनेक वर्षांनी, साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून उलगडले. या दोन्ही आजारांत बहुतेक रुग्ण कोणत्याही खास विषाणूरोधक औषधाविना, काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. औषधाची जागा अशी रिकामी राहिल्यामुळेच कदाचित ती पथ्याने व्यापली असावी. तेल-तूप बंद, हळद बंद, डाळ जड म्हणून बंद, अंडी-मासे तर नावालाही नाहीत, आणि या सर्वांच्या बदल्यात उसाचा रस, चुरमुरे, फुटाणे व अळणी पेज, असा महिना-दीड महिन्याचा क्रम महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही निष्ठेने पाळला जातो. त्यामागची काळजी खरी असली, तरी दुखावलेल्या यकृताला ज्या घटकांची सर्वाधिक गरज असते नेमके तेच या पथ्यातून वगळले जातात.

यांतील हळदीविषयीचा समज सर्वांत लवकर निकालात निघतो. डोळे आणि त्वचा पिवळी होतात ती बिलिरुबिन या द्रव्यामुळे. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्यावर हे द्रव्य तयार होते, निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते आणि सुजलेल्या यकृताला ते काम झेपत नाही म्हणून ते रक्तात साचते. फोडणीतल्या चिमूटभर हळदीच्या रंगाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. (हळदीच्या अर्काच्या गोळ्यांची गोष्ट निराळी, त्यांच्या सेवनाने काही व्यक्तींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ‘औषध’ म्हणूनही त्या घेऊ नयेत.) आजार ओसरल्यावरही पिवळेपणा रेंगाळतो याचे कारणही रक्तातच सापडते. बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला घट्ट चिकटतो आणि ते प्रथिन सुमारे दोन ते तीन आठवड्यांत निम्मे होत असल्याने, यकृत सावरले तरी डोळ्यांचा रंग मागे राहतो. हा उरलेला पिवळेपणा पाहून पथ्य आणखी महिनाभर लांबवले जाते, आणि तेवढा काळ रुग्णाची उपासमारही लांबते.

तेल-तुपाबाबतच्या भीतीत सत्याचा काही अंश आहे. स्निग्ध पदार्थांच्या पचनासाठी पित्त लागते आणि आजाराच्या ऐन भरात ते आतड्यात कमी पोहोचत असल्याने तळलेले पदार्थ पाहूनच रुग्णाला मळमळते. मात्र न पचणे वेगळे आणि यकृताला अपाय होणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हा प्रश्न प्रत्यक्ष तपासला गेला, तेव्हा भरपूर स्निग्धांश असलेला आहार घेणाऱ्या रुग्णांचे बरे होणे लांबले नाही. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, तर पिष्टमय पदार्थातून ४. त्यामुळे दोन घास खाऊन तोंड फिरवणाऱ्या रुग्णाच्या भातावरचा चमचाभर तुपाचा आधार काढून घेणे म्हणजे त्याच्या तुटपुंज्या जेवणातून सर्वाधिक ऊर्जा देणारा घटक वजा करणे होय. मळमळ असेल तेवढे दिवस स्निग्धांश कमी ठेवावा आणि भूक परतताच तो नेहमीच्या प्रमाणावर आणावा, इतकेच पुरेसे आहे.

प्रथिनांबाबतची चूक अधिक महागात पडते. यकृताच्या मृत पेशींच्या जागी नव्या पेशी उभ्या राहतात त्या प्रथिनांच्याच बळावर, आणि आहारातून ती मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती मिळवते. कोरियन युद्धाच्या काळात काविळीने आजारी पडलेल्या अमेरिकी सैनिकांवर टॉमस चाल्मर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला तुलनात्मक अभ्यास या संदर्भात मोलाचा आहे. प्रथिने आणि उष्मांक भरपूर असलेला आहार ज्यांना आग्रहाने खाऊ घातला, ते इतरांपेक्षा लवकर बरे झाले. आणि रुग्णाला सक्तीने खाटेवर पडून राहायला लावण्याचा काही लाभ होत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. तरीही ‘डाळ नको, यकृतावर ताण येतो’ हा समज टिकला, त्याचे मूळ बहुधा एका वेगळ्याच अवस्थेत आहे. यकृत अतिशय निकामी झाल्यावर रक्तातील अमोनियासारखी द्रव्ये मेंदूवर परिणाम करतात व रुग्ण गुंगीत जातो. अशा रुग्णांची प्रथिने पूर्वी डॉक्टरच तोडत असत. आता त्या अवस्थेतही प्रथिने दीर्घकाळ बंद ठेवू नयेत असेच मार्गदर्शन केले जाते, मग साध्या काविळीतून सावरणाऱ्या माणसाची काय कथा!

निरोगी प्रौढाला दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत म्हटले आहे. आजारातून उठताना ही गरज साधारण १.२ ग्रॅमपर्यंत जाते असे धरले, तर ६० किलोच्या व्यक्तीला दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात, २५ ते ३० ग्रॅम कोरड्या डाळीच्या घट्ट वरणातून आणि पेलाभर दुधातूनही जवळपास तेवढीच, तर उसाच्या रसातून जवळजवळ काहीच नाही. हे प्रमाण एका बैठकीत गाठणे अवघड असते. काविळीत मळमळ बहुधा दिवस कलेल तशी वाढत जाते, म्हणून दिवसाचे मुख्य जेवण सकाळी द्यावे आणि पुढे थोडे थोडे, पाच-सहा वेळा खायला द्यावे, ही साधी युक्ती फार उपयोगी पडते.

उसाचा रस औषध नाही. पेलाभर रसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, तिने तात्पुरती ऊर्जा मिळते आणि काही न खाणाऱ्या रुग्णाच्या पोटात काहीतरी जाते, एवढाच त्याचा गुण. मधुमेही रुग्णाला तो सरळच हानिकारक ठरू शकतो. शिवाय रस्त्यावरच्या गुऱ्हाळातील बर्फ आणि पाणी दूषित असेल, तर ज्या विषाणूंमुळे कावीळ होते त्यांनाच तो रस वाट करून देतो. गुळवेलीसारख्या वनस्पतींचे काढेही निरुपद्रवी मानले जातात. परंतु २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला होता. वाद काहीही असो, आधीच सुजलेल्या यकृतावर असा प्रयोग करणे अनाठायी आहे. मद्य मात्र पूर्ण वर्ज्य, आणि पॅरासिटामॉलसारखी साधी वाटणारी गोळीही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावी.

आता वजनाविषयी. सहा महिन्यांत नकळत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे, म्हणजे ६० किलोच्या माणसाने ३ किलोंहून अधिक गमावणे, हे कुपोषणाचे एक मान्य लक्षण आहे. स्थूल व्यक्तीचे वजन आजारात उतरले की घरच्यांना समाधान वाटते, पण उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो. निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस खाटेवर ठेवले असता त्यांच्या पायांतील, मुख्यतः स्नायूंचे, वजन सरासरी सुमारे १ किलोने घटल्याचे आढळले आहे. आजारपणात तर ताप आणि उपासमार यांची त्यात भर पडते. उलट बाजूची चूक बरे झाल्यावर होते. ‘ताकद यावी’ म्हणून गोड शिरा, ग्लुकोजचे पाणी आणि सुकामेवा यांचा मारा सुरू होतो व त्याच वेळी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून हालचाल थांबवली जाते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना अर्धपोटी ठेवून, त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटवून नंतर पुन्हा खाऊ घातले गेले, तेव्हा चरबी स्नायूंच्या आधी परतली आणि पूर्वीपेक्षा जास्तही झाली. म्हणून काट्यावरचा आकडा पूर्ववत होणे म्हणजे शरीर पूर्ववत होणे नव्हे. थकवा सोसवेल इतके रोज चालणे, पुढे जिना चढणे वा खुर्चीवरून आधाराविना उठण्याचा सराव आणि सोबत प्रत्येक जेवणात डाळ, दही, अंडे वा मासे यांपैकी काहीतरी असणे, यानेच परतणारे वजन स्नायूंच्या रूपात येते. आधीपासून स्थूल असलेल्या व्यक्तीने वजन कमी करण्याचा विचार यकृताच्या तपासण्या पूर्ववत झाल्यावर करावा. पोटात किंवा पायांत पाणी साचून वजन वाढत असेल, तर ती प्रगती नसून तातडीने दाखवण्याची बाब आहे.

हे सर्व साध्या काविळीपुरते लागू आहे. सतत उलट्या होणे, झोपेची वेळ उलटीपालटी होणे, बोलण्यात गोंधळ, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसताच आहाराची चर्चा बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. गर्भवतींच्या बाबतीत तर लक्षणे वाढण्याची वाटही पाहू नये. शेवटच्या तिमाहीत ‘ई’ विषाणूची लागण झालेल्या स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, आणि अशा स्त्रीला माहेरी नेऊन पेजेवर व उसाच्या रसावर ठेवण्यात जे दिवस जातात, ते तिच्या उपचारांतून वजा होतात.