शिकागो सोडून आलेला पियानोवाला

कर्जतहून सीएसएमटीला पोहोचायला लोकलने दोन तास लागतात. खोपोली-खालापूरवाल्यांना त्याहूनही जास्त. गॅदरिंगला कीबोर्ड वाजवून टाळ्या मिळवणारा तुमच्यातला प्रत्येक जण या प्रवासात कधी ना कधी हाच विचार करतो, ‘इथे राहून काय होणार? नाव काढायचं तर मुंबईच गाठायला हवी!’

आज अशा एका कलाकाराबद्दल वाचा, जो मोठं स्टेज सोडून उलट्या दिशेने निघाला आणि फिरत फिरत थेट आपल्या मुंबईत येऊन पोहोचला.

टेडी वेदरफर्ड. जन्म १९०३, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. जॅझचं माहेर असलेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये पियानो शिकला आणि विशीत शिकागोला गेला. तेव्हा सिनेमे मुके होते, संगीत थिएटरातच लाइव्ह वाजायचं. व्हेंडोम थिएटरमध्ये अर्स्किन टेटचा ऑर्केस्ट्रा होता. त्यात ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर आपला टेडी! १९२६ मधली त्यांची ‘स्टॅटिक स्ट्रट’ ही रेकॉर्ड नेटवर शोधा आणि हेडफोन लावून ऐका. शंभर वर्षांपूर्वीची आहे, पण पाय आपोआप हलायला लागतात.

त्याच वर्षी टेडी एका बँडबरोबर आशियात निघून आला. त्या काळच्या अमेरिकेत काळा कलाकार ज्या हॉटेलात वाजवायचा, तिथे अनेकदा त्याला खोलीसुद्धा मिळत नसे. इकडे शांघायमध्ये टेडी स्टार झाला. पुढे १९३०च्या दशकात तो अपोलो बंदरवरच्या ताजमहाल हॉटेलात पियानोवर बसला. मधल्या काळात, १९३७ मध्ये, पॅरिसला जाऊन सोलो रेकॉर्डिंगही केलं. महायुद्धात तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात बँड चालवत होता. १९४५च्या एप्रिलमध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. वय अवघं ४१.

आता दुसरी बाजू बघा. टेडीच्याच काळात शिकागोत अर्ल हाइन्स नावाचा त्याच्यापेक्षा थोडा लहान पियानिस्ट होता. टेडीच्या वाजवण्याचा त्याच्यावर प्रभाव होता, असं जॅझचे अभ्यासक सांगतात. हाइन्स अमेरिकेतच राहिला. १९२८ मध्ये त्याने आर्मस्ट्राँगबरोबर रेकॉर्ड्स केल्या आणि जॅझच्या इतिहासात त्याचं पान पक्कं झालं. टेडीच्या वाट्याला मात्र दोन-चार ओळी आल्या. मोठं स्टेज सोडल्याची किंमत असते, हे खोटं नाही.

पण म्हणून त्याचं इथलं वाजवणं वाया गेलं का? ताजमध्ये वाजवणाऱ्या या काळ्या कलाकारांमुळे मुंबईत जॅझचा कान तयार झाला. इथल्या गोवेकर वादकांनी हे संगीत उचललं. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट तर ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ म्हणूनच ओळखला जायचा. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांबरोबर त्याने काम केलं आणि १९५१च्या ‘अलबेला’त तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसला. भगवानदादांच्या नाचामागचा तो झिंगवणारा ठेका आठवा. आज आपल्या लग्नाच्या वरातीत बँडवाले ती जुनी गाणी वाजवतात, तेव्हा नाचणाऱ्या कुणाला ठाऊक असतं, की हा रस्ता कुठून कुठून आलाय?

तेव्हा मुंबईला जायचं की कर्जतलाच राहायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. टेडीकडून एक गोष्ट मात्र घ्या. शिकागो असो, पॅरिस असो की कलकत्ता, त्याने रेकॉर्डिंग करून ठेवलं, म्हणून आज तो आपल्याला ऐकू येतो. पुढच्या गॅदरिंगला मोबाइल स्टँडवर लावा, नीट रेकॉर्ड करा आणि खाली प्रत्येक वादकाचं नाव लिहा. हो, ढोलकीवाल्याचंसुद्धा!